याला मार्क आहेत का?

विज्ञानाच्या प्रकल्पाला जादा गुण द्यायचे नाहीत, हे माझं मत आमच्या शिक्षक खोलीत सगळ्यांना पाठ होतं. मी सातारा जिल्ह्यात सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. प्रदर्शन जवळ आलं की "भाग घ्या, पाच मार्क जास्त" अशी घोषणा वर्गावर्गातून फिरायची आणि माझ्या वर्गाच्या दाराशी थांबायची. तसं पाहिलं तर शासनाच्या मूल्यमापनात 'जादा' असा रकानाच नाही. सातवी-आठवीला आकारिक ४०, संकलित ६०. प्रकल्प त्या चाळिसांतलाच एक. पण आकारिकात हात सैल सोडायला वाव असतो, आणि हे पाच मार्क तिथूनच आत शिरतात.

माझा राग ज्यावर होता ते कुणीही पाहिलेलं असेल. खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून फसफसणारा ज्वालामुखी, दुकानातून तयार आणलेली पवनचक्की, आणि सोबत वडिलांच्या वळणदार अक्षरातली वही. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा त्याच्या जागी सनबोर्ड आला. वडिलांचं अक्षर तेच राहिलं. ज्या घरात चार पैसे आहेत त्या घराला पाच गुण विकत मिळत होते.

शिवाय माझ्याकडे पुरावा होता. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेला प्रयोग मी प्रशिक्षणांत अनेकदा सांगितलाय. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं रंगीत पेनांकडे बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ वळली. बक्षिसाने गोडी मरते, असं मी ठासून सांगायचे. त्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र मी कधी सांगत नव्हते, कारण तिच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. प्रयोगासाठी निवडलेली मुलं मुळातच चित्रात रमणारी होती. ज्याला गोडी लागायची संधीच मिळाली नाही, त्याच्याबद्दल तो प्रयोग काही म्हणत नाही.

माझं मत हललं ते सावलीमुळे. दुकानात मिळणार नाही असा प्रकल्प हवा, म्हणून मी सातवीला सावली मोजायला दिली. अंगणात एक मीटरची काठी सरळ रोवायची आणि दर रविवारी दुपारी बारा ते एक, दर पाच मिनिटांनी सावलीची लांबी लिहायची. खर्च शून्य, गुणही शून्य. मला वाटलं, हे खरं विज्ञान, ज्याला आवड आहे तो करेल.

वह्या आल्या त्या बहुतेक मुलग्यांच्या. मुलींपैकी ज्यांनी केलं त्यांच्या घरी कुणी ना कुणी शिक्षक. पालकसभेत एका मुलीच्या आईला विचारलं, तर तिने मलाच उलट विचारलं, "मार्क हायत का मॅडम त्याला?" मी नाही म्हटलं. "मग रविवारची भांडी टाकून उन्हात काठीपाशी कशाला बसवायची पोरीला?"

त्या बाईचं काही चुकत नव्हतं. तिच्या घरात शाळेचं खरं काम कोणतं आणि वेळ घालवणं कोणतं, हे ठरवायचं एकच माप होतं आणि ते मी काढून घेतलं होतं. पोरगी घरी सांगणार काय? मला कुतूहल आहे म्हणून? बिनगुणांचा माझा प्रकल्प, ज्यांना दुपारी मोकळं सोडलं जातं त्यांच्यापुरताच उरला होता. ज्वालामुखीवाल्यांची घरं पैशाने मोकळी होती, सावलीवाल्यांची वेळेने, एवढाच फरक.

पुढच्या सत्रात मी पाच गुण जाहीर केले. त्या मुलीची वही आली. तिच्या आईने भांडी तासभर पुढे ढकलली असावीत, किंवा धाकट्याला लावली असावीत. मी विचारलं नाही.

आणि काय वह्या होत्या! नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळ्यात आखूड सावली बारा वाजून सतरा-अठरा मिनिटांच्या आसपास, तर फेब्रुवारीच्या मध्यावर पावणेएकच्याही पुढे. "मॅडम, बाराला का नाही?" हा प्रश्न मी शिकवायच्या आधीच वर्गातून आला. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली. सातारा ७४ अंशांच्या आसपास, म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावर यायला सुमारे ३४ मिनिटं उशीर. त्यात पृथ्वीच्या लंबवर्तुळी कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे वर्षभर थोडं मागेपुढे. २२ डिसेंबरच्या सुमारास मीटरच्या काठीची मध्यान्हीची सावली ८७ सेंटिमीटरच्या जवळपास, मार्चच्या विषुवदिनी ३२. सावली पूर्ण नाहीशी होते तो आमच्याकडचा एक दिवस मे महिन्याच्या सुट्टीत आणि दुसरा ऑगस्टच्या आरंभी, भर पावसात. निसर्गाने शाळेचं वेळापत्रक पाहिलेलं दिसत नाही.

होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम मी आदर्श मानत आले. मध्य प्रदेशात १९७२ पासून २००२ पर्यंत सहावी ते आठवीची मुलं तिथे प्रयोग करत विज्ञान शिकली. गुणांच्या मागे धावणं मोडणारी माणसं म्हणून मी त्यांचे दाखले द्यायचे. पण त्यांनीही परीक्षा टाकून दिली नव्हती. पुस्तक उघडं ठेवून लिहायची परीक्षा घेतली आणि प्रात्यक्षिक परीक्षेत आणलं. प्रयोगाला गुण नसतील तर शाळेत त्याला कुणी विचारणार नाही, हे त्यांना पन्नास वर्षांपूर्वी कळलं होतं. मी त्यांच्यातलं मला आवडणारं तेवढंच उचललं होतं.

आता मी जादा गुण देते, पण मॉडेलला नाही. नोंदींना देते; त्यातही खाडाखोड असलेल्या वहीवर माझा जास्त विश्वास. "ढग होते, सावली दिसली नाही" या ओळीला पूर्ण गुण आहेत, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकते. नाहीतर मुलं जुलैतही अगदी नीटस आकडे आणतात.

आमच्याच शाळेतले गणिताचे सर म्हणतात, मार्क थांबले की मोजणंही थांबेल. खरं आहे. एप्रिलमध्ये बहुतेक काठ्या अंगणातून निघाल्या, त्या मुलीचीही. सरांना मी एवढंच म्हणते, की नोव्हेंबर ते मार्च ती रोवलेली तरी होती. त्यावर ते म्हणतात, मग पुढच्या वर्षी दहा मार्क ठेवा. तेवढी मात्र माझी तयारी नाही.