सशालाही पंप घ्यावा लागतो

"मूल रडलं तरी चालेल, पण पंप चुकवू नका." दम्याच्या मुलांच्या पालकांना मी हे वाक्य कितीतरी वर्षं सांगत आलो. ते अर्धवट होतं, हे मला माझ्याच घरी कळलं.

आमची लेक साडेचार वर्षांची असताना तिला दमा असल्याचं निदान झालं. रात्रीचा खोकला, धावल्यावर छातीत घरघर, एकदा सर्दी झाली की पंधरा-पंधरा दिवस न हटणारी. स्वतःच्या मुलावर स्वतः उपचार करू नयेत, म्हणून माझ्या बालरोगतज्ज्ञ मित्राला दाखवलं. त्याने सकाळ-संध्याकाळ पंप सुरू केला, स्पेसर आणि मास्क लावून. यात नवीन काहीच नव्हतं. मी रोज चार जणांना हेच समजावतो.

पण मास्क दिसला की ती पलंगाखाली. मग मी तिला ओढून मांडीवर घ्यायचो, एका हाताने मान धरायचो आणि दुसऱ्या हाताने मास्क दाबायचो. ती किंचाळायची, मी दहा आकडे मोजायचो. दवाखान्याची घाई असायची. "झालं, झालं," म्हणत मी निघून जायचो आणि ती आजीच्या कुशीत हुंदके देत बसायची.

तीन आठवडे झाले तरी खोकला तसाच. मी मित्राला फोन करून विचारलं, "डोस वाढवायचा का?" त्याने उलट विचारलं, "पंप देताना रडते का?"

मी गप्प झालो. रडणारं मूल लांब उच्छ्वास टाकतं आणि मध्येच झटकन श्वास ओढतं. मास्क चेहऱ्याला नीट चिकटत नाही. औषध तोंडात आणि घशात अडकतं, पोटात जातं आणि फुफ्फुसात फारच थोडं पोचतं. हे मला ठाऊक होतं. फक्त घरी मी डॉक्टर नव्हतो, घाईत असलेला बाप होतो.

त्या संध्याकाळी माझ्या आईने सूत्रं हातात घेतली. "तू जरा बाजूला हो," म्हणाली आणि जोडी हरवलेला एक राखाडी मोजा घेऊन नातीसोबत जमिनीवर बसली. मोज्यात हात घातला. बोटं वर, अंगठा खाली आणि मधला कापडाचा भाग आत दाबला की झालं तोंड. जुन्या फ्रॉकचे दोन लांब तुकडे कापून कान शिवले. डोळ्यांना आई शर्टाची बटणं लावणार होती, पण घरात दीड वर्षांचा भाचा येत-जात असतो म्हणून मी अडवलं. मग तिने काळ्या दोऱ्याचे टाके घालून डोळे केले. सशाचं नाव लेकीने ठेवलं : लंबू.

दुसऱ्या दिवशी आजीने लंबूला जवळ घेतलं. "चला लंबूशेठ, पंप घ्यायचा."

लेकीने लंबू हातात चढवला आणि बारीक आवाज काढला, "लंबूला नको."

"का रे बाबा?"

"बाबा मान धरतात. मग लंबूला श्वास नाही घेता येत."

मी दारात उभा होतो, हातात स्पेसर. हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मी कधी विचारलंच नव्हतं.

लंबूने जादू केली नाही. पहिले तीन-चार दिवस लंबूला नुसता मास्क लावायचा, औषध न सोडता. मग तोच मास्क ती स्वतःच्या हाताने आपल्या तोंडावर धरायची आणि लंबू श्वास मोजायचा. मी तिच्या मागे न बसता समोर बसायला लागलो. आठवड्याभरात ती न रडता पंप घेऊ लागली. पुढच्या महिन्याभरात रात्रीचा खोकला कमी झाला. औषध तेच होतं, डोसही तोच.

बाहुली का बोलते?

आपले अर्धवटराव आठवा. रामदास पाध्ये शेजारी सभ्यपणे बसलेले असतात आणि फटकळ बोलतो तो बाहुला. लहान मुलांचंही असंच आहे. "मला भीती वाटते," हे वाक्य चार वर्षांच्या मुलाला जड जातं. "सशाला भीती वाटते," हे सोपं असतं. शिवाय पंप, सुई, पट्टी हे सगळं मुलावर 'केलं' जातं. बाहुली हातात असली की करणारं मूल असतं. मुलांच्या अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रियेआधी बाहुलीवर मास्क किंवा सलाईन लावून दाखवतात, ते याचसाठी.

घरी काय करता येईल?

मोजा नसेल तर किराणा दुकानातली कागदी पिशवी घ्या. तिच्या तळाची घडी म्हणजे प्राण्याचं तोंड. जुन्या लग्नपत्रिकेचे कान, सोंड, शेपटी कापा आणि कणकेच्या खळीने चिकटवा. जुन्या हातमोज्याची बोटं कापली तर पाच उंदीर तयार होतात. बाहुली सुबक व्हायची गरज नाही. मुलाने स्वतः केलेला वाकडा हत्तीच त्याला आपला वाटतो, आणि कापण्या-चिकटवण्यातून बोटांनाही चांगला सराव मिळतो.

काळजी मात्र घ्या :

- घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर बटणं, मणी, टिकल्या वापरू नका. त्या निघतात आणि थेट तोंडात जातात. डोळे शिवा किंवा पेनाने काढा.
- चमकणाऱ्या डोळ्यांसाठी जुन्या खेळण्यातले दिवे लावू नका. त्यांतली बटणाएवढी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तशी शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठा.
- दम्याच्या मुलासाठी नारळाची शेंडी, पिसं, केसाळ कापड टाळा. त्यांत धूळ साठते. मोज्याची बाहुली अधूनमधून गरम पाण्याने धुवा.
- बाहुलीच्या तोंडून खोटं बोलू नका. "सुई दुखत नाही" असं नको. "थोडं दुखेल, मग संपेल" असं म्हणा.
- बाहुलीला प्रश्न विचारा, पण उत्तर सुचवू नका. उत्तर आलं की मुलाला रागावू नका.

पंपाबद्दल दोन शब्द

पंपाची सवय लागते, हा गैरसमज आहे. औषध थेट श्वासनलिकांत जातं, म्हणून ते फार कमी मात्रेत पुरतं. पंप हलवा, स्पेसरमध्ये एक दाब सोडा आणि मुलाला पाच-सहा वेळा शांतपणे श्वास घेऊ द्या. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला लावा. मूल रडतंय म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना तसं सांगा. आणि श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर बाहुली बाजूला ठेवा आणि ताबडतोब रुग्णालयात न्या.

लेक आता तिसरीत आहे. पंप स्वतः घेते. लंबूचा एक कान उसवलाय आणि तो माझ्या दवाखान्याच्या खणात असतो, तिच्या परवानगीने. माझं जुनं वाक्य मी बदललंय. आता पालकांना आधी विचारतो, "पंप देताना मूल रडतं का?" आणि मग मुलाकडे वळून, "तुझ्या घरी जोडी हरवलेला मोजा आहे का रे?"