लाल मातीतली तुळस



कीर्तनकाराचे पाय गावोगाव फिरतात, पण त्याची तुळस एकाच अंगणात असते. माझी मंगळवेढ्याला होती. गुडघे आणि आवाज दोन्ही थकले, तेव्हा ७४ व्या वर्षी मुलाकडे रत्नागिरी जिल्ह्यात राहायला आलो. बरोबर वीणा, ज्ञानेश्वरी आणि उपरण्याच्या गाठीत तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या. ती तुळस वैकुंठवासी पत्नीने वाढवलेली. तिचेच दळ रोज विठोबाला वाहायचे, हा घरचा नेम.

आमचा मुलूख कोरडा. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस. इथे ३००० च्या वर. तिकडची काळी माती ओल धरून ठेवते, त्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. इथे जांभ्याची लाल माती. आषाढात आठ-आठ दिवस आभाळ उघडत नाही, कुंडीत पाणी साचते आणि तुळशीची मुळे कुजतात. पहिल्याच पावसात सातांपैकी सहा रोपांनी माना टाकल्या. उरलेल्या एकाची दोन पाने देवाला वाहताना हात कापत असे. हेही गेले तर तिच्या हातचे काय उरणार?

शेजारच्या आजी म्हणाल्या, "बुवा, आमच्याकडे पावसात झाडाला पाणी घालायची काळजी नसते, पाणी काढायची असते." मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे केले. वृंदावनाच्या तळाला मोकळे छिद्र, त्यावर विटांचे तुकडे, मातीत नदीची वाळू आणि कुजलेले शेणखत. रोप उजेडात, पण पागोळीपासून लांब. भाजीपाल्यालाही उंच गादीवाफे. दिवाळी झाली की सगळे उलटे. पाऊस जातो, लाल माती लवकर सुकते. तेव्हा बुंध्याशी पालापाचोळा पसरायचा आणि नियमाने पाणी द्यायचे.

माउली, कीर्तनातही असेच असते ना? घाटावर मोटेचा दृष्टान्त चालतो, समुद्रकाठी होडीचा घ्यावा लागतो. सिद्धान्त बदलत नाही. अरणच्या सावता महाराजांना मळ्यातच विठ्ठल भेटला, हे मी शेकडो कीर्तनांत सांगितले. पण तो मळा माझ्याच मुलखातला, ओळखीच्या मातीतला. परक्या मातीत हात घातल्यावर त्या सांगण्याचे वजन कळले. देव आधीच तिथे आलेला असतो. आपल्याला त्या मातीची रीत शिकावी लागते.

यंदा कार्तिकात त्या रोपाला मंजिऱ्या आल्या. पहिले दळ विठोबाला वाहिले, थोडे बी आजींच्या ओटीत घातले.

तुमच्यापैकी कितीतरी जण उतारवयात मुलांच्या गावी गेले असतील. मंजिऱ्या आपल्या घरच्या न्याव्यात. पाणी किती आणि केव्हा, ते मात्र तिथल्या शेजाऱ्याला विचारावे. विचारायला संकोच करू नये. त्या निमित्ताने सत्संगही जोडला जातो.