दुसऱ्या क्रमांकाचा डिटेक्टिव्ह

आमच्या भाषेनें बेडकाचा मान कधींच राखिला नाहीं. ज्यास जग ठाऊक नाहीं त्यास ती कूपमंडूक म्हणते; आणि जो आपली पायरी विसरतो त्यास बैलाएवढी होऊं पाहणाऱ्या बेडकीची गोष्ट ऐकविते. अशा ह्या उपेक्षित प्राण्याच्या हातीं भिंग देऊन त्यास गुन्ह्यांच्या तपासास धाडणारा एक खेळ गेल्या मे महिन्याच्या सुटींत आमच्या संगणकावर आला, आणि आमचें मन त्यावर जडलें.

खेळाचें नांव ‘फ्रॉग डिटेक्टिव्ह’. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरच्या ग्रेस ब्रक्सनर व टॉमस बोकर ह्या जोडीनें तो रचिला. त्याचे तीन भाग अनुक्रमें २०१८, २०१९ व २०२२ सालीं प्रसिद्ध झाले. पहिला भाग तर तासाभरांत संपतो. म्हणजे अभ्यास बुडाल्याची तक्रार करण्यास वडील मंडळींस फारसा अवसर मिळत नाहीं!

येथील गुन्हेहि मोठे सौम्य. पहिल्या भागांत एका बेटावर भुताचे आवाज ऐकूं येतात. दुसऱ्या भागांत एक अदृश्य जादूगार नव्या गांवीं राहावयास येतो, आणि त्याच्या स्वागताची केलेली तयारी कोणीतरी उधळून लावतो. खून नाहीं, रक्तपात नाहीं. आमचा बेडूक प्रत्येक प्राण्याकडे जातो, अदबीनें विचारपूस करतो, त्याचें रडगाणें शांतपणें ऐकून घेतो. एकाला जी वस्तु हवी असते ती दुसऱ्यापाशीं असते, व दुसऱ्याला हवी ती तिसऱ्यापाशीं. ह्या देवघेवींतूनच रहस्य हळूहळू उलगडतें.

शेरलॉक होम्स १८८७ सालीं वाचकांपुढें आला. पुढें भिंग हें डिटेक्टिव्हाचें बिरुदच होऊन बसलें. आमचा बेडूकहि भिंग बाळगतो, आणि आपण वाटेल तेव्हां तें डोळ्यांसमोर धरूं शकतों. त्यांतून झाडें वांकडीं दिसतात, चेहरे फुगलेले दिसतात, आणि तपासाला त्याचा कवडीचाहि उपयोग होत नाहीं. आम्ही पोट धरून हंसलों. जें भिंगाला दिसत नाहीं तें नुसत्या गोड शब्दाला गवसतें, हें त्या थट्टेंतील मर्म होय.

परंतु आम्हांस सर्वांत अधिक जवळची वाटली ती बेडकाची पदवी. हा जगांतील दुसऱ्या क्रमांकाचा डिटेक्टिव्ह आहे. पहिला क्रमांक ‘लॉब्स्टर कॉप’ ह्या पोलीस महाशयांचा, म्हणजे आमच्या कोंकणांतील शेवंडीच्या भाऊबंदांचा! त्यांना सवड नसली कीं बेडकाला बोलावणें येतें. तरी बेडकाच्या मनांत हेवा म्हणून नाहीं. उलट त्या महाशयांविषयीं त्याला मोठा आदर वाटतो.

येथें आमचें दुखणें सांगितलें पाहिजे. इयत्ता पांचवीपासून आम्ही वर्गांत दुसरे येत आहों. निकालपत्र हातीं घेतांच वडिलांचा प्रश्न ठरलेला असतो: “मग पहिला कोण आला रे?” त्या प्रश्नांत राग नसतो, हें आम्ही जाणतों, पण त्यानंतर पेढ्याची गोडी थोडी उतरते खरी.

एका रविवारीं वडीलहि आमच्याशेजारीं येऊन बसले. दुसरा भाग संपेपर्यंत ते उठले नाहींत. शेवटीं म्हणाले, “बेडकाचा स्वभाव चांगला आहे हो! ह्याच्याशीं कोणीहि मनांतलें बोलेल.” मग जरा थांबून त्यांनीं विचारलें, “तुझ्या वर्गांतलीं मुलें तुझ्याशीं बोलतात ना?” आमच्या आयुष्यांत पहिल्यानेंच त्यांनीं क्रमांक सोडून शाळेविषयीं कांहीं विचारलें होतें. त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावरहि आम्ही कितीतरी वेळ त्यांना वर्गांतल्या गोष्टी सांगत होतों.

पहिलें येण्याची आमची हौस फिटली आहे असें मात्र कोणीं समजूं नये. वार्षिक परीक्षेंत आम्ही पुनः कंबर कसणार आहों. पण जगांत पहिली जागा एकच असते, आणि कामें तर पुष्कळ असतात. लॉब्स्टर महाशय दुसरीकडे गुंतले असतां ज्या बेटावर कोणी घाबरून बसला आहे तेथें कोणीतरी गेलेंच पाहिजे. तेवढ्यासाठीं बोलावणें आलें, तर आम्ही भिंग घरीं ठेवूनहि निघण्यास तयार आहों.