पिशवी पालथी करा

परराज्यातल्या नंबरप्लेटच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या की आटपाडीत दिवाळी आली असं आम्ही समजतो. आटपाडी-खानापूर भागातली माणसं दुष्काळाला कंटाळून घराबाहेर पडली आणि सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली. हे गलाईवाले दिवाळीला आठवडाभर घरी येतात. फराळ होतो, खरसुंदीला सिद्धनाथाचं दर्शन होतं. अलीकडं यात तिसरा एक कार्यक्रम वाढलाय. आई-वडलांना गाडीत घालून सांगली-मिरजेला न्यायचं आणि डोक्यापासून पायापर्यंतच्या तपासण्या एकदम उरकायच्या. पोरं परत जातात आणि मागं राहिलेली म्हातारी माणसं जाडजूड फाइल घेऊन दवाखान्यात माझ्यापुढं बसतात.

"लेकानं सात हजार घातलं, आन् कागद तर निम्मा काळाच आलाय," एक आजी रडवेल्या होऊन म्हणाल्या. रिपोर्टात ठळक छापलेल्या आकड्यांना त्या 'काळं' म्हणत होत्या. त्यांना दुखत-खुपत काही नव्हतं. पहाटे उठून शेळ्यांची धार काढत होत्या. फाइल घरात आल्यापासून मात्र अन्न गोड लागेना.

मी त्यांना हिशेब सांगितला. शंभर निरोगी माणसं घेतली तर त्यातली पंच्याण्णव ज्या आकड्यांत बसतात, त्याला लॅब बहुधा 'नॉर्मल' म्हणते. म्हणजे प्रत्येक तपासणीत पाच धडधाकट माणसं बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर शंभर निरोगी माणसांतल्या चौसष्ट जणांचा एखादा तरी आकडा 'काळा' येतो. मग त्या आकड्याच्या मागं सोनोग्राफी आणि तिच्या मागं सीटी स्कॅन. अंगात कसलाही त्रास नसताना केलेल्या अशा सरसकट तपासण्यांचा आढावा कोक्रेन या संस्थेनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. १७ अभ्यास आणि अडीच लाखांवर माणसं. मृत्यू कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. अर्थात, ही माणसं बहुतेक पासष्टीच्या आतली होती.

दुसरी तऱ्हा कंबरेची. कंबर धरली की पोरगा फोनवरून सांगतो, "एमआरआय काढून टाका." २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांना पाठीचा त्रासच नव्हता अशा माणसांचे मणके पाहिले गेले. ऐंशीच्या वयात त्यांतल्या ९६ टक्के जणांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. चाळीस वर्षं मेंढरांमागं चाललेल्या माणसाच्या फोटोत झीज दिसणारच. कंबर त्याच झिजेनं दुखतेय, हे त्या फोटोवरून ठरत नाही. पायातली ताकद जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल, ताप असेल, वजन उतरत असेल किंवा माणूस पडलेला असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

आणि सलाईन! "लई अशक्तपणा हाय, एक बाटली चढवा की." बाजारच्या दिवशी हे वाक्य मी किती वेळा ऐकतो याची मोजदाद नाही. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. ज्याचं हृदय थकलंय, त्याला ही बाटली दम लावू शकते. ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर. घरच्या बेसनलाडवात याहून जास्त ताकद आहे, आणि त्याला सुई लागत नाही.

पण सगळ्यात जास्त मी शिकलो ते पिशव्यांकडून. एकदा एक आजोबा हात थरथरतो म्हणून आले. मी म्हटलं, "घरात असतील तेवढ्या गोळ्या घेऊन या." ते कापडी पिशवी घेऊन आले आणि मी ती टेबलावर पालथी केली. अकरा प्रकारची पाकिटं निघाली. कागद लावत मागं गेलो. गुडघा दुखायचा म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज चालू होती. तिनं बी. पी. वाढतं. बी. पी.साठी अॅमलोडिपिन सुरू झालं. त्यानं घोट्यावर सूज येते. सूज दिसली म्हणून लघवीची गोळी आली. तिनं रात्री चारदा उठणं आणि उठताना चक्कर. चक्करेवर सिनारिझिन. आणि ते म्हाताऱ्या माणसांनी बरेच महिने घेतलं तर कंपवातासारखा हात थरथरू शकतो. कंपवाताची गोळी तेवढी सुरू व्हायची राहिली होती.

त्या कागदांतला लघवीच्या गोळीचा कागद माझाच होता. सूज पाहिली तेव्हा बी. पी.ची गोळी कुठली, हे मी विचारलंच नव्हतं. ओपीडीत साठ माणसं असताना गोळी लिहायला अर्धं मिनिट लागतं आणि गोळी का नको हे समजावायला दहा मिनिटं.

औषधाच्या त्रासाला नवा आजार समजून दुसरं औषध देण्याच्या या साखळीचं वर्णन पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या डॉक्टरांनी १९९७ मध्ये करून ठेवलं आहे. म्हाताऱ्या माणसांना कुठली औषधं जपून द्यावीत, याची यादी अमेरिकेत डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्येच केली. २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. ज्ञान कमी पडलेलं नाही. मग हे का होतं? आपल्याकडं डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांना बोलतं करून कट प्रॅक्टिसचं दुखणं चव्हाट्यावर मांडलं. ते दुखणं खरं आहे. पण माझ्या टेबलावरून मला या जादा तपासण्या-औषधांचा आणखी एक धागा दिसतो. हजार किलोमीटरवर असलेल्या मुलाला आईजवळ बसता येत नाही, याची बोच असते. तपासणीची पावती ती बोच थोडी कमी करते. डॉक्टरनं "काही नको" म्हटलं, तर त्याला वाटतं आईची हयगय झाली. मीही पूर्वी या भीतीनं दोन तपासण्या जास्त लिहायचो.

त्या आजोबांची औषधं आम्ही तीन महिन्यांत अकरावरून चारवर आणली. एका वेळी एकच गोळी कमी केली आणि दर वेळी बी. पी. पाहिलं. हे घरच्या घरी कुणी करू नये. काही गोळ्या एकदम सोडल्या तर जिवावर बेतू शकतं. बी. पी. मोजणं, साखर पाहणं, मोतीबिंदूची आणि कानाची तपासणी यांतही काटकसर नको.

यंदा गावी याल तेव्हा आई-वडलांच्या गोळ्यांची पिशवी, दुकानातून आणलेल्या आणि आयुर्वेदिक पुड्यांसकट, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरच्या टेबलावर पालथी करा. प्रत्येक पाकीट उचलून विचारा : ही कशासाठी, आणि अजून लागते का? नवी तपासणी सांगितली तर विचारा : उत्तर काहीही आलं तरी उपचार तोच राहणार असेल, तर ती का करायची? डॉक्टर चिडला तर चिडू द्या. आणि त्या दिवशी मिरजेला न जाता वाचलेला वेळ अंगणात, आईशेजारी बसून घालवा.