नावं ठेवणारी माणसं

नावं ठेवण्यात आपल्या होस्टेलचा हात कुणी धरणार नाही. मेसच्या आमटीला, रेक्टर मॅडमच्या चपलांच्या आवाजाला, समोरच्या विंगला, फर्स्ट इयरच्या प्रत्येक नव्या मुलीला इथे आठ दिवसांत नाव पडतं आणि ते चार वर्षं पुरतं. माझंही पडलंय, पण ते संपादक छापणार नाहीत. तर दोस्तांनो, 'नावं ठेवणं' आणि 'नाव ठेवणं' यांत फक्त एका टिंबाचा फरक आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्यासारखीला या टिंबाची किंमत थर्ड इयरला कळली. आणि ती शिकवली कुणी, तर समुद्राच्या तळाशी चिकटून बसलेल्या, जेलीच्या गोळ्यासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याने.

झालं असं की माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, झूलॉजीत एम.एस्सी. करते. आमच्याकडे सगळे इंजिनिअर नाहीतर बँकेत. ही एकटीच निराळी. तिचं खूळ आहे सी स्क्वर्ट. पाण्याबाहेर काढून दाबला की पिचकारी मारतो म्हणून हे नाव. मेकॅनिकलच्या भाषेत सांगायचं तर एक पिशवी, तिला दोन तोट्या. एका तोटीतून पाणी आत येतं, आतल्या जाळीदार गाळणीतून गाळलं जातं, खाण्याचे कण आत राहतात आणि पाणी दुसऱ्या तोटीतून बाहेर. गाळणीला बारीक भोकांच्या रांगा असतात आणि भोकांच्या कडेचे सूक्ष्म केस हलून हलून पाणी ओढतात. म्हणजे पंप आणि फिल्टर एकाच पार्टमध्ये! बाहेरच्या आवरणात सेल्युलोज असतं, तेच जे कापसात आणि तुमच्या असाइनमेंटच्या कागदात असतं. प्राणी असून स्वतः सेल्युलोज बनवणारा हा एवढाच गट.

बी.एस्सी. झूलॉजी केलेल्या कुणालाही विचारा, 'हर्डमानिया' म्हटलं की चेहरा बदलेल. आपल्या समुद्रातला हा सी स्क्वर्ट पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडच्या झूलॉजीवाल्यांच्या जर्नलात बसलेला आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या धड्याआधी तो शिकवतात, कारण त्याच्या पिल्लाला शेपटी असते आणि शेपटीत नोटोकॉर्ड, म्हणजे कण्याचा पूर्वज म्हणावा असा दांडा. कोवालेव्हस्की नावाच्या रशियन माणसाने १८६६ साली हे दाखवलं. त्याआधी याची गणती शिंपल्या-गोगलगायींच्या जवळपास व्हायची. एका पिल्लाकडे कुणीतरी नीट पाहिलं आणि हा चिकट गोळा थेट आपल्या भावकीत येऊन बसला. मोठा झाल्यावर मात्र तो शेपटी टाकून देतो आणि जन्मभर एका जागी चिकटतो. (थर्ड इयरनंतर आपलंही असंच होतं म्हणतात.)

हर्डमानिया एकटा राहतो. ताईचं प्रेम आहे ते वसाहत करून राहणाऱ्यांवर. एक पिल्लू कुठेतरी चिकटतं, त्याला कळ्या फुटतात, कळ्यांना कळ्या, आणि एकाच आवरणात शेकडो चिमुकले जीव तयार होतात. एकेक जीव बहुतेक वेळा काही मिलिमीटरचा. त्याला झूऑइड म्हणतात. कित्येक जातींमध्ये प्रत्येकाचं तोंड स्वतंत्र असतं, पण पाणी बाहेर टाकायचं भोक सामायिक. हे ऐकून मी म्हटलं, "ताई, हे तर आमच्या विंगचं वर्णन झालं." ती म्हणाली, "वर्णन इतकं सोपं नसतं गं." आणि मग दिवाळीच्या सुट्टीत तिने मला वर्णन म्हणजे काय ते दाखवलं.

त्यासाठी आधी एका जहाजाची गोष्ट. 'चॅलेंजर' हे ब्रिटिश जहाज १८७२ च्या डिसेंबरमध्ये निघालं आणि साडेतीन वर्षांनी, १८७६ च्या मे महिन्यात परत आलं. काम एकच, जगभरचे समुद्र खरवडून तळाशी काय आहे ते बघायचं. वर आलेलं सामान बाटल्यांत भरून देशोदेशीच्या अभ्यासकांना वाटलं. त्यातले सी स्क्वर्ट आले विल्यम हर्डमन याच्या वाट्याला. जहाज निघालं तेव्हा हा १४ वर्षांचा शाळकरी पोरगा होता! तो जहाजावर कधी गेलाच नाही. त्याचा प्रवास सुरू झाला तो बाटल्या घरी आल्यावर. आपल्या जर्नलातल्या हर्डमानियाला १८८८ साली ज्याचं नाव दिलं गेलं, तो हाच.

१८८६ साली, चॅलेंजरच्या अहवालाच्या १४ व्या खंडात, हर्डमनने वसाहत करणाऱ्या सी स्क्वर्टांचं वर्णन केलं. त्यात एक होता दक्षिण महासागरातला, १६०० फॅदम खोलीवरचा. म्हणजे २९०० मीटरच्याही खाली, जिथे उजेड नाही आणि वरून झिरपत येईल तेवढंच खाणं. तो उघडल्यावर त्याला दिसलं की याच्या गाळणीत नेहमीच्या बारीक भोकांच्या रांगाच नाहीत. नुसती मोठ्या घरांची उघडी जाळी. त्याने नाव ठेवलं फॅरिंगोडिक्टिऑन मिराबिले. ग्रीकमध्ये घसा आणि जाळं, लॅटिनमध्ये अद्भुत. अद्भुत असं घशातलं जाळं! मला हे फार आवडलं. नावातच सगळं निरीक्षण आलं, आणि शेवटी बिचाऱ्याला राहवलं नाही म्हणून एक 'वा!' पण आला.

आता मुख्य मुद्दा. असा नवा प्राणी हातात आला की करायचं काय? मला वाटायचं फोटो काढायचा, नाव द्यायचं, पार्टी करायची. ताईने वहीत पायऱ्या लिहून दिल्या. वसाहत फॉर्मॅलिनमध्ये टिकवायची, एक तुकडा डी.एन.ए.साठी अल्कोहोलमध्ये. मग ब्लेडने वसाहत कापून सुईने एकेक झूऑइड मायक्रोस्कोपखाली सोडवायचा. तो मेथीच्या दाण्यापेक्षा लहान आणि ओल्या टिश्यू पेपरसारखा. त्याला रंग द्यायचा आणि मोजायला बसायचं. तोंडाभोवती पाकळ्या किती? गाळणीत भोकांच्या रांगा किती? पोटाला घड्या आहेत का, किती? आतडं कुठे वळतं? अंडाशय आणि वृषण कुठे बसलेत? आवरणात चुन्याचे काटे आहेत का, असले तर चांदणीसारखे की गोल? पिल्लू सापडलं तर त्याला चिकटायचे अवयव किती? एकाच झूऑइडवर भागत नाही. दहा-बारा उघडायचे, कारण एक आखडलेला असतो, एक फाटतो, एक अजून लहान असतो. आणि जे नाही तेही लिहायचं. 'भोकांच्या रांगा नाहीत' हे हर्डमनच्या प्राण्याचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं.

हे झालं की खरी हमाली सुरू. जगात आजवर वर्णन झालेले त्याचे सगळे भाऊबंद शोधायचे. कुणाचं वर्णन फ्रेंचमध्ये, कुणाचं जर्मनमध्ये, कुणाची आकृती शंभर वर्षांपूर्वीची. प्रत्येकाशी ताडून बघायचं आणि एकेका वाक्यात सांगायचं की माझा यापेक्षा निराळा का. कारण आधी कुणी नाव ठेवलेलं असेल तर तेच नाव चालतं, तुमचं कितीही गोड असो. ही मोजणी १७५८ सालापासून सुरू होते. तुमच्या सीनियरिटीपेक्षा कडक!

शेवटी एक नमुना निवडायचा. त्याला होलोटाइप म्हणतात. तो संग्रहालयात नंबर घालून ठेवायचा, आणि कुठे ठेवला ते छापायचं. २००० सालापासून हे सांगितल्याशिवाय नव्या जातीचं नाव धरतच नाहीत. मेकॅनिकलवाल्यांना हे पटकन कळेल. २०१९ पर्यंत एक किलोग्रॅम म्हणजे काय, तर पॅरिसजवळ कपाटात ठेवलेला एक धातूचा ठोकळा. भांडण झालं की त्या ठोकळ्याकडे जायचं. तसंच इथे. उद्या कुणाला शंका आली तर त्याने ती बाटली उघडावी आणि स्वतः मोजावं. आपण ड्रॉइंग आधी काढतो आणि मग वस्तू बनवतो. ही माणसं बनलेल्या वस्तूवरून ड्रॉइंग काढतात, आणि ती वस्तू बनवणारा टॉलरन्स सांगायला हजर नसतो.

मी विचारलं, "आणि हे वाचतं कोण?" ताई म्हणाली, "कदाचित चाळीस वर्षांनी एक जण. पण त्याला माझ्या वर्णनावरून तो प्राणी ओळखता आला पाहिजे. मी तेव्हा समजावून सांगायला नसेन." आपल्या सबमिशनच्या रात्री कॉपी केलेली जर्नलं आठवली आणि मी गप्प बसले.

मावशीचा प्रश्न मात्र रास्त आहे. "याला पोट भरायला नोकरी कुठे?" ताईच्या बॅचमधल्या बहुतेक जणी औषध कंपन्यांत डेटा तपासायच्या नोकरीला लागल्या. पगार बरा आहे. तिलाही ऑफर आहे आणि तिने अजून हो म्हटलेलं नाही. मावशी चिडून म्हणते, "काय मिळतं त्या गोळ्यांत?" खरं तर पुष्कळ मिळतं. कॅरिबियन समुद्रातल्या एका वसाहतवाल्या सी स्क्वर्टमध्ये सापडलेलं ट्रॅबेक्टेडिन हे कॅन्सरचं औषध युरोपात २००७ साली आणि अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालं. पण ताई हा मुद्दा कधीच काढत नाही. ती म्हणते, उपयोग नंतर कळतो, आधी तो आहे हे तर कळू दे.

आणि तो 'आहे' हे कळायला किती वेळ लागतो? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिशोब मांडला होता. नवी जात पकडल्यापासून तिचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. मी २० वर्षांची आहे. म्हणजे माझ्या जन्माच्या सुमाराला बाटलीत गेलेला एखादा प्राणी अजून कुठल्यातरी कपाटात बारशाची वाट बघत असेल. माझं बारसं बाराव्या दिवशी झालं होतं.

इथवर ही ताईची गोष्ट होती. आता माझी. माझा मिनी प्रोजेक्ट आहे समुद्रतळावर चालणाऱ्या यंत्राच्या पट्ट्यांवर, ट्रॅक्सवर. तळाच्या मऊ चिखलात यंत्र रुतू नये म्हणून पट्टा किती रुंद हवा, वगैरे. हे यंत्र कशासाठी? नोड्यूलसाठी. बटाट्याएवढे काळे गोळे, ज्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असतं. हे गोळेही चॅलेंजरने वर काढले होते, १८७३ साली! आपल्या देशाचे पहिले नोड्यूल गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ ला वर काढले. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर तळ शोधकामासाठी आपल्याकडे आला. २०२१ साली चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचं 'वराह' यंत्र तिथे ५२७० मीटर खोलीवर चालून दाखवून आलं. हे वाचताना मला खरंच अभिमान वाटतो. असं काहीतरी करता यावं म्हणूनच मी मेकॅनिकल घेतलं.

ताईने माझं ड्रॉइंग बघून एकच विचारलं, "तुझ्या पट्ट्याखाली कोण आहे?"

मी सांगितलं, चिखल आणि नोड्यूल. ती म्हणाली, चिखलाच्या त्या मैदानात कडक जागा म्हणजे नोड्यूलच. काही सी स्क्वर्टांना चिखलात रोवायला मुळांसारखे केस असतात, पण ज्यांना चिकटायला दगड लागतो ते कुठे जाणार? आणि एक नोड्यूल दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. उचलला की पुन्हा आपल्या कारकिर्दीत यायचा नाही. पॅसिफिकमधल्या नोड्यूलच्या मोठ्या पट्ट्याचा, क्लॅरियन-क्लिपर्टनचा, हिशोब २०२३ साली प्रसिद्ध झाला. तिथे नोंदलेल्या साडेपाच हजारांहून जास्त जातींपैकी जवळजवळ ९० टक्के जातींचं वर्णनच झालेलं नाही. नाव नाही, होलोटाइप नाही, आकृती नाही. ज्याला नाव नाही तो कुठल्याच यादीत येत नाही, आणि जो यादीत नाही तो गेला तरी 'गेला' असं लिहायलाही जागा नाही.

मी प्रोजेक्ट सोडलेला नाही. धातू लागणार आहेत, यंत्रं बनणार आहेत, आणि ती आपल्यासारख्याच कुणाच्या तरी ड्रॉइंगवरून बनणार आहेत. म्हणूनच मला वाटतं, ताईसारख्या दोन माणसांना आपल्यासारख्या दोनशेंच्या आधी तिथे पोचता आलं पाहिजे. ट्रॅकचं गणित सुटायला एक सेमिस्टर लागतं. एका झूऑइडच्या रांगा मोजायला किती लागतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या आठवड्यात मी रिपोर्टचा मसुदा सरांना दाखवला. 'साइट कंडिशन' या तक्त्यात खोली, दाब, तापमान, चिखलाची ताकद असे रकाने होते. त्याखाली मी एक रकाना वाढवलाय, 'तळावरचे प्राणी', आणि त्यापुढे लिहिलंय, 'बहुतेकांचं वर्णन व्हायचं आहे.' सरांनी पेन उचललं, ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "हे डिझाइनमध्ये कुठे येतं?" मी म्हटलं, "अजून कुठेच येत नाही, सर." त्यांनी पेन खाली ठेवलं, ओळ तशीच राहू दिली आणि पुढचं पान उलटलं.