मेस बंद, लक्ष्मी रोड चालू

ॲडमिशनच्या वेळी मिळणाऱ्या माहितीपुस्तकात सगळं असतं. लॅब किती, लायब्ररीत पुस्तकं किती, प्लेसमेंट कोणाकोणाचं झालं. फक्त एक गोष्ट नसते : रविवारी रात्री मेस बंद असते. ती पहिल्या रविवारी रात्री साडेआठ वाजता, हातात ताट घेऊन कुलपासमोर उभं राहिल्यावर कळते.

माझंही तसंच झालं. खिशात साठ रुपये, पोटात कावळे, आणि पुण्यात ओळखीचं कुणी नाही. तेव्हा शेजारच्या रूममधल्या एका थर्ड इयरच्या सीनियरने मला दया येऊन सोबत घेतलं. नव्या पुलावरून शनिवारवाडा, तिथून बाजीराव रोडने सरळ. चालत. रिक्षा म्हणताच त्याने माझ्याकडे असं पाहिलं की आजतागायत मी त्या रस्त्याने रिक्षा केलेली नाही. (आता तर मंडईत मेट्रोचं स्टेशनही झालंय, सप्टेंबर 2024 पासून. पण तिकिटाच्या पैशांत एक वडापाव येतो, हा हिशोब पब्लिकच्या डोक्यातून जात नाही.)

त्या रात्री त्याने मला जो फंडा दिला तो कुठल्याही लेक्चरपेक्षा जास्त उपयोगी पडला. तो म्हणाला, "बाजारात स्वस्त खायचं असेल तर गिऱ्हाईक कुठे खातंय ते बघू नकोस. दुकानात काम करणारी पोरं दुपारी दोन वाजता कुठल्या बोळात शिरतात ते बघ."

आणि हे खरंच आहे. लक्ष्मी रोडवर साडी घ्यायला आलेली बाई वर्षातून दोनदा येते, तिला शंभर रुपये जास्त लावले तरी ती भांडायला परत येत नाही. पण साडीच्या घड्या घालणारा मुलगा रोज येतो. मंडईतला हमाल रोज येतो. त्यांना महाग आणि वाईट देऊन दुकान चालत नाही.

मंडईची ती अष्टकोनी दगडी इमारत तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. 1886 साली ती उघडली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. गंमत अशी की जोतिराव फुले नगरपालिकेत सभासद असताना या मंडईवरच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. आज त्याच मंडईला त्यांचं नाव आहे आणि शिक्षणासाठी पुण्यात आलेली आमच्यासारखी पोरं तिच्या आजूबाजूला पोट भरत फिरतात. असो.

तर दुसऱ्या वर्षापर्यंत मी या भागातला तज्ज्ञ झालो. सेमिस्टर संपली की सगळे एबीसीला, म्हणजे अप्पा बळवंत चौकात. एम-थ्रीचं पुस्तक निम्म्या किमतीत विकायचं आणि ते पैसे गरम असतानाच खायचे. आमच्यात म्हणच पडली होती, "एम-थ्रीची मिसळ केली." एकाने तर निकाल लागायच्या आधीच मिसळ केली आणि केटी लागल्यावर तेच पुस्तक, त्याच दुकानातून, पाऊणपट किमतीत परत घेतलं. आत त्याचंच नाव होतं!

मिसळ म्हणाल तर तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवन. बोळातून आत जायचं, जागा लहान, मागे कुणीतरी तुमच्या उठण्याची वाट बघत उभं. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातली बेडेकरांची वेगळी, तिच्यात गोडसरपणा आहे. सोबत पाव नाही, स्लाइस. आमच्याकडच्या माणसाला हे पचायला जरा वेळ लागतो. केसरीवाड्याजवळ प्रभा विश्रांतीगृहाचा बटाटेवडा. उन्हाळ्यात तुळशीबागेत कावरे, एक मस्तानी आणि दोन चमचे, टीटीएमएम. चहा कुठल्याही अमृततुल्यमध्ये, वेलदोडा घातलेला, मुळातच गोड, त्यात वर साखर मागायची नाही. माझ्या डायरीत मागच्या पानावर या सगळ्यांची यादी होती, भावासकट. फर्स्ट इयरची पोरं झेरॉक्स मागायची. आपल्याला जाम भाव!

आता मुख्य गोष्ट सांगतो.

फेब्रुवारी 2025. मी थर्ड इयरला. माझ्या ताईचं लग्न ठरलं आणि अण्णांचा फोन आला की बस्ता पुण्यात बांधायचाय. करमाळ्यात दुकानं नाहीत असं नाही. पण पाव्हण्यांची इच्छा लक्ष्मी रोडची होती, आणि मुलीकडच्यांनी पाव्हण्यांच्या इच्छेला नाही म्हणायचं नसतं. अण्णा म्हणाले, "तू तिथं ऱ्हातोस, जेवणाचं तेवढं तू बघ. आपुन सात, त्ये पाच. चांगलं बघ, पर लई महाग नको."

मी म्हटलं, काळजीच करू नका. मनात म्हटलं, ही तर माझी फील्ड!

डायरी काढली आणि बसलो. आणि अर्ध्या तासात घाम फुटला. मिसळ? बारा माणसं एकदम तिथे बसणार कुठे, आणि व्याह्याला मिसळ घालायची? वडा? मस्तानी? माझ्या अख्ख्या यादीत एकही जागा अशी नव्हती जिथे ताईच्या सासूबाईंना खुर्चीवर बसवून, ताट वाढून, "घ्या अजून" म्हणता येईल. तीन वर्षं मी ज्याला स्वस्त म्हणत होतो ते दोघांसाठी, उभ्याने, आणि लाज नसलेल्यांसाठी स्वस्त होतं.

शेवटी सीनियरचा फंडा आठवला. बस्त्याच्या आदल्या दिवशी दोन वाजता लक्ष्मी रोडला जाऊन उभा राहिलो. कापडाच्या दुकानातली चार माणसं गप्पा मारत एका बोळात शिरली, मी त्यांच्या मागे. जुना वाडा, लाकडी जिना, वर खानावळ. पाटीसुद्धा धड दिसत नव्हती. थाळी एकशे वीस, पोटभर. दोन भाज्या, आमटी, भात, पोळ्या हव्या तेवढ्या. गोड वेगळं, श्रीखंडाची वाटी पस्तीस. मालकांना म्हटलं, उद्या बारा जण आणतो. ते म्हणाले, "अडीचला या, गर्दी ओसरते. पाटावर नाही, टेबलावरच बसवतो."

दुसऱ्या दिवशी आमची माणसं एसटीने आली. 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे अण्णांनी आई, ताई, मामी आणि आत्या यांचा हिशोब करून गाडी न करण्याचं ठरवलं होतं. पाव्हणे त्यांच्या गाडीने आले. दुकानात गादीवर बसून साड्यांचे ढीग, चहा, परत साड्या. ताईच्या सासूबाईंना हिरवा आवडला की आईला तो जास्त जांभळा वाटायचा. मी आणि मामा कोपऱ्यात. अण्णा प्रत्येक साडीचं लेबल उलटं करून बघत होते आणि परत नीट ठेवत होते.

दोन वाजता अण्णांनी मला बाहेर बोलावून पाचशेच्या तीन नोटा हातात दिल्या. "बसंल का एवढ्यात?"

"आरामात. बाराचे चौदाशे चाळीस."

"आणि ग्वाड?"

मी थांबलो. पाव्हण्यांना गोड नाही वाढलं तर ते पुढची वीस वर्षं निघतं, हे मलाही कळत होतं. पाच वाट्या, एकशे पंचाहत्तर. सोळाशे पंधरा. एकशे पंधरा कमी.

आता इथे मी म्हणायला हवं होतं की वरचे मी देतो. एकशे पंधरा रुपये! पण माझ्या फोनमध्ये अडतीस होते. मागच्याच रविवारी एका मित्राच्या वाढदिवसाला आम्ही एका मॉलमध्ये वरच्या मजल्यावर खायला गेलो होतो. माझ्या वाट्याला चारशे वीस आले होते. घरी तो खर्च मी जर्नल आणि प्रिंटआउट म्हणून सांगितला होता.

अण्णांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं, चला. भुका लागल्या असतील लोकांना."

वाड्याच्या दारात आल्यावर सगळे जिना चढायला लागले तेव्हा ते पिशव्या घेऊन खालीच ओट्यावर बसले. व्याही म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही न्हाय का येत?"

"माझा गुरुवार हाय. तुम्ही बसा निवांत. मी पिशव्या बघतो."

अण्णांचा गुरुवार! आमच्या घरात उपवास आई करते. अण्णा आषाढीलासुद्धा साबुदाण्याला नावं ठेवत ठेवत खातात आणि रात्री भाकरी मागतात. मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे न बघता पदर खोचला आणि जिना चढली. तेव्हा मला हिशोब लागला. अकरा थाळ्या, तेराशे वीस. पाच श्रीखंड, एकशे पंचाहत्तर. चौदाशे पंच्याण्णव. कॅल्क्युलेटर लागला नाही.

जेवण छान होतं, हे मी इतरांच्या तोंडून सांगतो. ताईच्या सासूबाईंनी आमटी दोनदा घेतली. व्याही श्रीखंडाची वाटी पुसून म्हणाले, "पुण्यात असं घरगुती मिळतं म्हायती नव्हतं." मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या ताटात दोन पोळ्या होत्या, त्या तशाच होत्या.

मालक वाढता वाढता खिडकीतून खाली बघत होते. मला म्हणाले, "खाली बसलेले काका तुमच्यातलेच ना?"

"हो. उपवास आहे."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. थोड्या वेळाने बघतो तर वाढपी मुलगा ताकाचा मोठा पेला घेऊन जिना उतरत होता. मी बिल देताना ताकाचं विचारलं, तर म्हणाले, "उपवासाचं बिल नसतं." पाच रुपये परत दिले.

संध्याकाळी पाव्हणे गेले. बायका तुळशीबागेत बांगड्या आणि कसली कसली डबी बघायला शिरल्या, म्हणजे दीड तासाची निश्चिंती. मी आणि अण्णा राममंदिराच्या आवारात जाऊन बसलो. बाहेर एवढा गलका आणि आत निवांत. अण्णांनी पिशवीतून फडकं काढलं. दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. सकाळी आईने एसटीत खायला बांधलेलं उरलं होतं. आधी त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पाव्हण्यांपैकी कुणी मागे राहिलं नाही ना म्हणून. मग खायला लागले. भूक लागलेल्या माणसाचं खाणं कसं असतं ते मी हॉस्टेलवर रोज बघतो. पण हे बघवत नव्हतं.

"उपवास सुटला का?" मी म्हणालो. विनोद करायला गेलो, आवाज निघाला नाही.

अण्णा हसले. "आरं, 95 साली सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर काढली व्हती. तवा मी तुझ्याएवढा. स्टँडवर उभं ऱ्हाऊन खायचो. चार वर्षांमागं तालुक्याला कामाला गेलो की ती पाच रुपयाची शिवभोजन थाळी. मला कुठं बी चालतं. पाव्हण्याला न्हाय चालत."

मग त्यांनी आतल्या खिशातून दोनशेची नोट काढली आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातली. दरवेळी जाताना घालतात तशी.

मी म्हणालो, "अण्णा, हे होते तर मग जेवला का नाहीत?"

"ते तुझं व्हतं. घरून निघतानाच बाजूला ठेवलं व्हतं. तुझं जर्नल-बिर्नल असतंय."

जर्नल हा शब्द ऐकून मी जमिनीकडे पाहिलं. मॉलचं त्यांना सांगावं असं दहा वेळा वाटलं, आणि मी नाही सांगितलं. हे मी इथे लिहितोय, अजून त्यांना सांगितलेलं नाही. अंक घरी नेणार आहे, वाचतील तेव्हा वाचतील.

त्यानंतर मी डायरीत एक नवीन पान केलं. घरचे आले तर कुठे न्यायचं, किती जण बसतात, गोड मिळतं का, म्हाताऱ्या माणसाला जिना चढावा लागतो का. खानावळ त्यात पहिली आहे. ज्याला पत्ता हवाय त्याने माझ्या रूमवर यावं. छापत नाही, कारण छापलं की गर्दी होईल आणि मग दुकानातल्या त्या चौघांनी कुठे जायचं?

लग्न मे महिन्यात झालं. जूनमध्ये अण्णा एका कामासाठी एकटेच पुण्याला आले. मी त्यांना तुळशीबागेत घेऊन गेलो, श्रीकृष्ण भुवनमध्ये. त्या महिन्यात मी एका दहावीच्या मुलाची गणिताची शिकवणी घेतली होती, त्यामुळे खिसा गरम होता. अण्णांनी पहिला घास घेतला, विचार केला आणि म्हणाले, "रस्सा बरा हाय. आपल्याकडं जाळ असतो, ह्यात तेवढा न्हाय." हे म्हणत म्हणत रस्सा परत मागितला. मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि विचारलं, "आज वार कोणता रे?"

"गुरुवार."

"हां," अण्णा म्हणाले, "मग आणखी एक स्लाइस सांग."