मागे बसणाऱ्याचा टायर

बाईंनी या अंकासाठी ‘सुट्टीतला प्रवास’ हा विषय दिला, तेव्हा वर्गात सगळ्यांना वाटले की मी समुद्राचे आणि डोंगरांचे वर्णन लिहिणार. पण आमच्या प्रवासाची खरी गोष्ट निघण्याआधी तीन आठवडे, मलिंगारला आमच्या घरामागच्या शेडमध्ये घडली. म्हणून मी तीच लिहिते.

जून २०२४ मध्ये बाबा आणि मी मोटारसायकलवरून ‘वाइल्ड अटलांटिक वे’ करायचे ठरले होते. २०१४ साली सुरू झालेला हा किनारी मार्ग दक्षिणेला किन्सेलपासून उत्तरेला डोनेगलपर्यंत सुमारे २,५०० किलोमीटर आहे. आपले मलिंगार पडले देशाच्या मध्यावर. घरापासून किन्सेल आणि मालिन हेडपासून परत घर धरले तर तीन हजारांच्या वर जाते. बाबा चालवणार, मी मागे बसणार. आईची एकच अट होती, ‘टायर बघून घ्या.’

बाबा म्हणाले, ‘‘अगं, नक्षी आहे अजून. कायद्याने मोटारसायकलला एक मिलिमीटर लागते, आपल्याकडे दोन आहे.’’

मी टॉर्च घेऊन खाली बसले. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे होते, २२१७. बाबांनीच मला पूर्वी शिकवले होते की पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे टायर २०१७ च्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेला. गाडी आम्ही जुनी घेतली होती, त्यामुळे कोणी पाहिलेच नव्हते. सात वर्षांत रबर कडक होते, मग नक्षी कितीही असो. शिवाय मागचा टायर मधोमध सपाट झाला होता. बाबा रोज एम-४ वरून सरळ डब्लिनला जातात, त्यामुळे फक्त मधला पट्टा झिजतो आणि कडा तशाच राहतात. असा ‘चौकोनी’ टायर वळणावर गाडी झुकवताना अडखळतो.

‘‘बाबा, हे बदलायला हवेत,’’ मी म्हटले. बाबा काहीच बोलले नाहीत. टॉर्च माझ्या हातातून घेऊन बराच वेळ ते आकडे बघत राहिले.

रात्री जेवताना त्यांनी मला ती हकीकत सांगितली. आईला ती माहीत होती, मला नव्हती. कॉलेजात असताना बाबा आणि त्यांचे एक मित्र (मी त्यांना काकाच म्हणते) पुण्याहून साताऱ्याला स्कूटरवर निघाले होते. मागचा टायर पार गोटा झाला होता. नव्या टायरचे पैसे बाबांनी महिनाभर पुढे ढकलले होते. खंबाटकी घाटात पहिला पाऊस लागला. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर येते. एका वळणावर मागचे चाक सटकले. बाबांना फक्त खरचटले, मागे बसलेल्या काकांचा पाय मोडला. पावसाळा आला की काका अजूनही लंगडतात.

‘‘हातात हँडल असलेला माणूस सावध असतो,’’ बाबा म्हणाले, ‘‘मागचा नुसता विश्वासाने बसलेला असतो.’’

मग आमची निवड सुरू झाली. बाबांच्या मनात आधी बटणाचे टायर होते. आयर्लंडमधल्या मधोमध गवत उगवलेल्या गल्लीबोळांतून जायची त्यांना हौस. पण आमचा जवळजवळ सगळा रस्ता डांबरी होता आणि ओल्या डांबरावर बटणे रस्ता कमी धरतात. दुसरा पर्याय होता शर्यतीसारख्या मऊ टायरांचा. ते चांगले पकडतात, पण तापल्यावर. आपल्याकडे जूनमध्येही पाऊस आणि बारा अंश असले तर ते तापणार कधी? शिवाय झिजतात लवकर. तिसरा पर्याय होता लांबच्या प्रवासाचे टायर. त्यांत मधला पट्टा कडक रबराचा असतो, म्हणजे सरळ रस्त्यावर टिकतो, आणि कडा मऊ, म्हणजे वळणावर धरतात. रबरात सिलिका मिसळलेली असते, ती थंड आणि ओल्या रस्त्यावर उपयोगी पडते. पाणी बाहेर फेकणाऱ्या खोबणीही जास्त. आम्ही तेच घेतले, पुढचा आणि मागचा जोडीनेच.

मागच्या टायरवर लिहिले होते १८०/५५ झेडआर १७, ७३ डब्ल्यू. रुंदी १८० मिलिमीटर, उंची तिच्या ५५ टक्के, रिम १७ इंचांची. ७३ म्हणजे तो टायर ३६५ किलो भार पेलतो. बाबा, मी, दोन्ही पेट्या आणि आईने दिलेला लाडवांचा डबा यांची मी कागदावर बेरीज केली. डब्यामुळे काही बिघडत नव्हते!

या वाचनात मला एक मजेची गोष्ट सापडली. हवेचा टायर जगात रुजला तो याच बेटावरून. जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर. मुलाची तीनचाकी खडबडीत रस्त्यावर फार दणके खाई, म्हणून त्यांनी १८८७ साली चाकांना हवेची रबरी नळी बसवली. पुढच्या वर्षी पेटंट मिळाले, पण नंतर ते रद्द झाले, कारण रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच तशी कल्पना नोंदवली होती. धंदा मात्र डनलॉपच्याच नावाने वाढला, तोही डब्लिनमधून. तेव्हाही एका बापाला मुलाचीच काळजी होती, हे मला आवडले.

नवे टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतात. म्हणून आम्ही एका रविवारी लॉख एनेलच्या काठाने किल्बेगनला आणि दुसऱ्या रविवारी कॅसलपोलार्ड, फोर असे हळूहळू फिरून आलो. हवा मी तपासायची, रोज सकाळी, टायर गार असताना. पुस्तिकेप्रमाणे पुढे ३६, मागे ४२. प्रवासभर ते काम माझेच होते.

चौथ्या दिवशी डिंगलहून कॉनर पास चढलो. वर धुके, खाली उतरताना पाऊस. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला दरी, रस्ता एका गाडीपुरता. वळण घेतले तर समोर तीन मेंढ्या! बाबांनी ब्रेक दाबला. मी त्यांचे जाकीट घट्ट धरले. गाडी सरळ रेषेत, शहाण्या बैलासारखी थांबली. मेंढ्यांनी आमच्याकडे बघितले आणि निघून गेल्या. एवढेच. सांगण्यासारखे काहीच घडले नाही.

बाबांनी मात्र इंजिन बंद केले आणि दोन मिनिटे तसेच बसून राहिले.

मालिन हेडला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, म्हणजे साताऱ्यात साडेसात. बाबांनी काकांना फोन लावला. मला वाटले, आता समुद्राचे वर्णन करतील. पण ते म्हणाले, ‘‘काय रे, पाऊस सुरू झाला का तिकडे? पाय कसा आहे?’’

पलीकडून काका काय म्हणाले ते वाऱ्यात मला ऐकू आले नाही. बाबा हसले, आणि मी खाली वाकून मागच्या टायरची हवा बघितली.